वाडीवरचा पहिला हिवाळा: वसईच्या ख्रिस्ती शेतकरी घरात नव्याने आलेल्यांसाठी

लग्न होऊन मी अंधेरीहून निर्मळजवळच्या या वाडीवर आले, तेव्हा मला शेतीतले काही येत नव्हते. मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतली, मराठी उत्तरेही पाठ नव्हती, कारण माहेरच्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीत) मिस्सा इंग्रजीत व्हायची. पहिला हिवाळा मी इतरांच्या मागे मागे फिरून काढला. आता अशी बरीच जोडपी दिसतात. कुणी सून म्हणून आलेली असते, तर कुणी आजोबांची पडीक वाडी पुन्हा कसायची म्हणून नालासोपाऱ्याचा फ्लॅट सोडून परतलेले असते. ती मला जे विचारतात, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी जागा समजून घ्या. अर्नाळ्यापासून खाली वसई किल्ल्यापर्यंत, रेल्वेच्या पश्चिमेला जो हिरवा पट्टा उरला आहे, तो आपला. आगाशी, नंदाखाल, वाघोली, निर्मळ, भुईगाव, गिरीज, गास, सांडोर ही त्यातली गावे. इथे सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी आहेत, वाडवळ आहेत, किनाऱ्याला कोळी आहेत; बोली वेगळ्या, चर्च एक. बहुतेकांच्या वाड्या १० ते ३० गुंठ्यांच्या. ४० गुंठ्यांचा एकर होतो, म्हणजे एकराच्या आतलाच कारभार. एवढ्या जागेत नारळ, केळी, मोगरा, वाल, पालेभाजी आणि घर. चूक झाली तर ती लपवायला दुसरे शेत नाही, म्हणून हिवाळ्याची आखणी पाऊस संपता संपताच करायची.

पहिली पायरी: एकाच कॅलेंडरवर दोन्ही वेळापत्रके लिहा

स्वयंपाकघरात एक मोठे कॅलेंडर लावा. त्यावर लाल पेनाने चर्चचे दिवस लिहा: २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार (तो नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये येतो), ८ डिसेंबरचा मरियामातेचा सण, १६ ते २४ डिसेंबरचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), नाताळ, त्यानंतरचा पवित्र कुटुंबाचा सण, १ जानेवारी, तीन राजांचा रविवार, २ फेब्रुवारीची मेणबत्त्यांची मिस्सा आणि राखेचा बुधवार. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, दरवर्षी हलतो. ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्यामध्ये कधीही येतो, म्हणून तो चर्चमधून विचारूनच लिहा.

मग निळ्या पेनाने शेतीचे दिवस लिहा, तेही उलटे मोजत. नाताळच्या आधीचे तीन दिवस भाजीला चांगला उठाव असतो. मेथी आणि लाल माठ महिन्याभरात काढणीला येतात, म्हणजे पेरणी २० नोव्हेंबरच्या आसपास. मुळा आणि कोथिंबिरीला ४० ते ४५ दिवस लागतात, म्हणजे त्यांची पेरणी ८ नोव्हेंबरच्या आसपास. थंडी कडक पडली तर सगळेच चार-पाच दिवस मागे सरकते, तेवढी जागा ठेवा. सगळे बी एका दिवशी टाकू नका. दर आठ दिवसांनी एक वाफा, असे केले तर जानेवारी संपेपर्यंत हातात काही ना काही राहते.

निळ्या पेनाने आणखी एक गोष्ट लिहा: मार्गशीर्षातले गुरुवार. आपल्या हिंदू शेजारणींचे महालक्ष्मीचे व्रत असते. त्याला फुले लागतात, आंब्याचे डहाळे लागतात, केळीची पाने लागतात, पाच झाडांची पत्री लागते. आपल्या वाडीत हे सगळे आहे. बुधवारी दुपारी कापून ठेवलेल्या जुड्या बुधवारी संध्याकाळीच विकल्या जातात. घरात आगमनकाळाची मेणबत्ती पेटत असते आणि परसातले आंब्याचे डहाळे शेजारच्या कलशात जातात. वसईत हे असेच चालत आले आहे आणि मला त्याचा फार आनंद वाटतो.

आमच्या घरी हिवाळा सुरू होतो तो २ नोव्हेंबरला. दिवाळीसाठी लावलेल्या झेंडूची शेवटची ओळ त्या दिवसासाठी राखून ठेवायची. आदल्या दिवशी दफनभूमीत जाऊन घरच्यांच्या कबरी धुवायच्या, गवत काढायचे. नव्या सुनेने किंवा जावयाने या कामाला जरूर जावे. कोणत्या कबरीत कोण आहे, कुणी विहीर खणली, कुणी नारळ लावले, हे तिथे जेवढे कळते तेवढे घरात बसून कळत नाही.

दुसरी पायरी: पाणी ओळखा

बाकी सगळे चुकले तरी सावरता येते, पाण्याचे चुकले तर येत नाही. म्हणून यावर जरा थांबून लिहिते.

वसईच्या वाड्यांमध्ये पाण्याच्या दोन जागा असतात, विहीर आणि बावखल. बावखल म्हणजे वाडीत खणलेले उघडे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना जिवंत ठेवते. पूर्वी त्यावर रहाट असायचे, आता पंप आहेत. बरीच बावखले भरणी टाकून बुजवली गेली आणि त्याबरोबर शेजारच्या विहिरीही गेल्या. तुमच्या वाट्याला बावखल आले असेल तर ते जागा अडवते म्हणून बुजवू नका, कुणी कितीही सांगितले तरी. हिवाळ्यात त्यातला पालापाचोळा आणि जलपर्णी काढा, डासांसाठी गप्पी मासे सोडा. गाळ काढायचे काम एप्रिल-मेचे, तेव्हा पाणी तळाला गेलेले असते.

आपल्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते आहे. गोडे हलके, खारे जड. तुम्ही विहिरीतून जास्त उपसा केला की गोड्याचा थर पातळ होतो आणि खारे खालून वर येते. भूजलशास्त्रातला ढोबळ हिशेब असा, की किनाऱ्यालगत गोड्या पाण्याची पातळी १ फूट उतरली तर खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० फूट वर सरकू शकते. म्हणून पंप सलग चार तास चालवायचा नाही. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, मध्ये विहिरीला श्वास घेऊ द्यायचा. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील, हे कुणीच सांगू शकत नाही.

हे आपल्या लोकांना महागात पडून कळले आहे. आजूबाजूच्या वाढत्या वस्तीसाठी इथल्या विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले तेच हे फादर. ज्या बायका कधी मोर्चात गेल्या नव्हत्या त्या तेव्हा रस्त्यावर आल्या, असे आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून सांगतात. तुमच्या विहिरीतून पाणी विकत घ्यायला कुणी आले तर हे आठवा.

करायचे काय? नोव्हेंबरात आणि पुन्हा फेब्रुवारीत बाटलीभर पाणी मातीपरीक्षण प्रयोगशाळेत तपासायला द्या. मातीचा नमुनाही त्याच वेळी द्या. अडचण असली की तालुका कृषी कार्यालयात विचारा. जिल्ह्यात डहाणूजवळ कोसबाडला कृषी विज्ञान केंद्रही आहे. घरच्या घरी खूण पाहायची तर पालेभाजीच्या पानांच्या कडा बघा. पाणी पुरेसे देऊनही कडा भाजल्यासारख्या तपकिरी होत असतील, तर पाण्यात मीठ वाढले आहे.

पाणी कधी द्यायचे हे घड्याळावर ठरवू नका. वाफ्यात बोटभर खोल हात घाला, मूठभर माती उचला आणि दाबा. गोळा होऊन बोटांना चिखल लागला तर पाणी नको. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर सुटा झाला, तर तो वापसा, पेरणीला आणि खुरपणीला हीच वेळ. गोळाच होत नसेल तर पाणी द्या. आमचे पप्पा, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी चपला काढून अनवाणी वाडीभर एक फेरी मारायचे. पायाला दंव किती लागते यावरून ते त्या दिवशीचे पाणी ठरवायचे. दंव भरपूर असेल तर पालेभाजीला सकाळचे पाणी टाळायचे, नाहीतर पाने दिवसभर ओली राहतात आणि रोग पडतो.

तिसरी पायरी: वाफे, वाल आणि कीड

भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते ती वालाची. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वाल टोकला तर जानेवारीत शेंगा येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण भूषण’ ही बुटकी जात नवख्यांना बरी, तिला मांडव लागत नाही. घरासाठी मात्र एक वेल कुंपणावर जरूर चढवा. वालाला लाडाने पाणी देऊ नका. जास्त पाणी दिले की पाला माजतो आणि फुले धरत नाहीत.

थंडीत वालावर आणि मिरचीवर मावा येतो. पिवळे चिकट सापळे लावा आणि निंबोळी अर्क मारा. ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळायच्या, त्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून १०० लिटर पाणी करायचे. तुमच्या १० गुंठ्यांना एवढे लागणार नाही, त्याच हिशेबाने कमी करा. फवारणी संध्याकाळी करा. हे पाणी साठवून ठेवत नाहीत, त्याच दिवशी संपवायचे.

पालापाचोळा जाळू नका. सकाळी शेकोटी करायचा मोह होतो आणि म्हाताऱ्या माणसांना ती बरीही वाटते, पण सुकलेली केळीची पाने वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरली तर निम्मे पाणी देणे वाचल्यासारखे वाटते. शेकोटीला नारळाच्या करवंट्या आहेत.

चौथी पायरी: मोगरा उपाशी ठेवा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. डिसेंबरच्या सुरुवातीला मोगऱ्याची पाने पिवळी पडायला लागली. घरातले सगळे नोव्हेनाच्या तयारीत होते. मला वाटले, या झाडांकडे कुणाचे लक्षच नाही. मी चार दिवस रोज संध्याकाळी त्यांना भरपूर पाणी दिले. झाडे पुन्हा हिरवीगार झाली आणि मी खूश झाले. आजी, म्हणजे नवऱ्याची आजी, लाल लुगडे सावरत काठी टेकत आल्या. त्यांनी एक फांदी हातात घेतली, कोवळी पालवी बघितली आणि मला बाजूला बसवले. रागावल्या नाहीत. “बाय, त्याला झोपायचं होतं, तू उठवलंस,” एवढेच म्हणाल्या. त्या वर्षी मार्चमध्ये इतरांच्या टोपल्या भरत होत्या आणि आमच्या झाडांवर पानेच पाने होती.

मोगऱ्याचे हिवाळ्यातले काम असे. नोव्हेंबरच्या शेवटापासून तीन-चार आठवडे पाणी पूर्ण बंद ठेवायचे. पाने पिवळी होऊन गळू द्यायची. नाताळ झाला की, म्हणजे डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारीचा पहिला आठवडा, छाटणी करायची. जमिनीपासून हात-दीड हात उंची ठेवून वरचे कापायचे, सुकलेल्या आणि आत वळलेल्या फांद्या मुळापासून काढायच्या. कात्रीला धार हवी, फांदी चिरडली तर तिथून कुजते. काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर, किंचित तिरका घ्या. छाटणीनंतर बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने उकरून दोन-चार दिवस ऊन खाऊ द्या, मग झाडाला घमेलेभर कुजलेले शेणखत घाला, आळे बांधा आणि पहिले पाणी द्या. दीड-दोन महिन्यांत कळ्या दिसू लागतात.

मोगरा झोपलेला असताना फुलांचा पैसा कागडा या दुसऱ्या फुलझाडावर येतो. तो थंडीतच फुलतो. कळ्या पहाटे उमलायच्या आत खुडायच्या आणि पहिल्या गाड्यांनी दादरच्या फुलबाजारात पोचवायच्या. तुमच्याकडे दोन-चारच झाडे असतील तर एकट्याने दादर गाठण्यापेक्षा शेजारच्या घराबरोबर टोपली जोडा.

पाचवी पायरी: सुकेळी शिकायची असतील तर हाच काळ

राजेळी जातीच्या केळ्यांची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, ही वसईची खास चीज. ती करणारी घरे आता मोजकी उरली आहेत. कार्तिकातल्या निर्मळच्या यात्रेत सुकेळी घ्यायला लांबून लोक येतात. यात्रा शंकराचार्यांच्या मंदिराची, पण ख्रिस्ती घरांतलीही खरेदी तिथे होते. तुम्हीही जा. विळे, कोयते, टोपल्या, सुकी मासळी, हिवाळ्याला लागणारे सगळे एका ठिकाणी मिळते.

कृती ऐकायला सोपी वाटते. पूर्ण भरलेला राजेळीचा घड उतरवायचा, पेंढ्याच्या उबेत पिकवायचा, सोलायचा आणि केळी उन्हात मांडवावर अंथरायची. आठवडाभर ऊन द्यायचे. खरे काम आहे ते संध्याकाळचे. सूर्य कलला की केळी गोळा करून केळीच्या पानांत गुंडाळून घरात आणायची, कारण एका रात्रीचे दंव लागले तरी बुरशी धरते. पहिल्या दिवशी केळे पांढुरके आणि जाड असते. तिसऱ्या दिवशी ते अंग चोरते, कडा आत वळतात. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यावर स्वतःचाच पाक सुटतो, बोटाला मधासारखा चिकटतो आणि रंग तांबूस सोनेरी होतो. मुले आसपास घोटाळायला लागतात तो हाच दिवस. मग सुकलेल्या केळीच्या पानात बांधून ठेवायची.

पहिल्या वर्षी एकच घड घ्या. जाणत्या बाईजवळ बसून करा. आमच्या शेजारच्या काकी म्हणायच्या, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली आणि केळी अजून बाहेर असतील, तर समजा गेली.

सहावी पायरी: दिवस आणि रविवार

हिवाळ्यात सहाच्या सुमाराला अंधारते, ही मोठी सोय आहे. काम आपोआप थांबते. हातपाय धुवून साडेसात-आठला सगळ्यांनी घरातल्या वेदीसमोर बसून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची. थकलेले असाल, मुले पेंगत असतील, तरी निदान एक दशक, म्हणजे तिचा दहा मण्यांचा भाग, एकत्र म्हणा. आमच्याकडे शेवटी प्रत्येकाने त्या दिवसाची एक गोष्ट सांगायची पद्धत आहे. वाल फुलला, कोंबडी खुडूक बसली, पंप जळला, काहीही चालते. नव्या माणसाला घरात मिसळायला याहून चांगली जागा मला सापडली नाही.

रविवार मोकळा ठेवायचा तर त्याची तयारी शनिवारी करावी लागते. शनिवारी संध्याकाळी सगळ्या वाफ्यांना पाणी, कोंबड्यांना दोन दिवसांचे खाद्य काढून ठेवणे, सोमवारच्या बाजाराचा विचार सोडून देणे. हा शेवटचा निर्णय आम्ही भांडून घेतला. सोमवारी भाजी न्यायची तर रविवारी दुपारभर खुडावी लागते, मिस्सा घाईत होते आणि मुलांच्या धर्मशिक्षणाला पोचवायला कुणी राहत नाही. आता आम्ही मंगळवार ते शनिवार बाजार करतो. सोमवारचे पैसे बुडतात हे खरे आहे. पण रविवारी दुपारी आमच्या घरी सगळे एका ताटाभोवती असतात. जनावरांना पाणी, कोंबड्यांना दाणे, एखादे मोडलेले कुंपण हे रविवारीही करावेच लागते आणि त्याला चर्चचीही ना नाही.

सातवी पायरी: आगमनकाळ आणि नाताळ, वाडीतल्या वस्तूंनी

चार मेणबत्त्यांचे आगमनचक्र विकत आणायची गरज नाही. नारळाच्या झावळीचे हीर वळून गोल कडे करा, त्यावर आंब्याचे किंवा जांभळीचे डहाळे बांधा. तीन मेणबत्त्या जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटवायची. डहाळे दर रविवारी बदला, सुकलेली पाने मेणबत्तीजवळ ठेवू नका.

नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याची तयारी १२-१३ डिसेंबरला सुरू करा. नारळाच्या करवंट्यांत माती भरून त्यात नाचणी दाट पेरा, वरून ओले फडके टाका, कोंब दिसले की काढा. दहा-बारा दिवसांत बोटभर हिरवी लव येते. गोठ्याभोवती त्याच करवंट्या मातीत बसवल्या की शेत तयार. मुलांसाठी आमच्याकडे एक रीत आहे. आगमनकाळात कुणी न सांगता चांगले काम केले की पेंढ्याची एक काडी गव्हाणीत ठेवायची. बाळ येशूला निजायला मऊ व्हायला हवे ना, म्हणून मुले आजीचे पाय चेपतात, अंडी गोळा करून आणतात. गव्हाणी २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेवायची. मिस्सेहून आल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाने बाळाची मूर्ती तिथे ठेवायची.

फराळासाठी नारळ आधीच उतरवून घ्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाडेकरी मिळणे कठीण होते. कुलकुल एकट्याने करायचे काम नाही. मैदा नारळाच्या दुधात मळून ठेवा आणि शेजारच्या दोन घरांना बोलवा. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत खाली ओढायची, ती स्वतःच वळून शिंपल्यासारखी होते. मुलांच्या गोळ्या जाड होतात, त्या वेगळ्या तळा, नाहीतर आत कच्च्या राहतात. नेवऱ्या, केक, इंद्याल (मसालेदार मांस) हे ज्या त्या घरच्या पद्धतीने. सासूबाईंची पद्धत लिहून घ्या, प्रमाणांसह. “अंदाजाने” म्हणाल्या तर त्यांच्या हाताखाली वाटी धरून मोजा.

दिवाळीत ज्या शेजाऱ्यांकडून फराळाचे ताट आले होते, त्यांची यादी आठवा. नाताळचे पहिले ताट त्यांच्याकडे जाते. जे मांस-अंडे खात नाहीत त्यांच्यासाठी बिनअंड्याचे वेगळे करा आणि ते देताना सांगा.

एक अडचणीची गोष्टही सांगते. नाताळच्या आठवड्यात घरातल्या बाईवर स्वयंपाक, पाहुणे, भाजी खुडणे आणि बाजार सगळे एकदम येते. आमच्याकडे एका वर्षी मी २३ तारखेला तापाने पडले आणि तरी पहाटे कोथिंबीर बांधत होते. तेव्हापासून ठरले आहे, की त्या आठवड्यात खुडणी पुरुषांची, बाजार पुरुषांचा. नव्याने घर थाटणाऱ्यांनी हे नोव्हेंबरातच बोलून घ्यावे.

आठवी पायरी: जानेवारी ते राखेचा बुधवार

आगमनकाळात आणि उपवासकाळात आपल्याकडे लग्ने लावत नाहीत, त्यामुळे नाताळ ते राखेचा बुधवार यांच्यामध्ये लग्नांची दाटी होते. आळीतल्या लग्नाला मांडव घालायला आणि भाज्या चिरायला प्रत्येक घरातून माणूस जातो. तुम्ही गेलात तरच तुमच्या कामाला कुणी येईल. म्हणून लग्नाच्या आठवड्यात नवी पेरणी ठेवू नका. लग्नघरी भाजी लागतेच, तेव्हा वाल आणि वांगी आधीच सांगून ठेवली तर दादरला न जाता घरबसल्या विकली जातात.

आंब्याला मोहोर याच दिवसांत येतो. मोहोरावर तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग बघा. सकाळी झाडाखाली पानांवर चिकट पाणी दिसले तर तुडतुडे आहेत. मोहोर फुललेला असताना दुपारी फवारणी करू नका, मधमाश्या मरतात.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला गोन्सालो गार्सियांचा सण येतो. वसईत जन्मलेले हे संत ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. मुलांना त्यांची गोष्ट घरात सांगा, आपल्याच मातीतला हा माणूस आहे. २ फेब्रुवारीला आशीर्वादित करून आणलेल्या मेणबत्त्या वर्षभर जपून ठेवायच्या. वादळात, आजारपणात त्याच लावतात.

वालाच्या शेवटच्या शेंगा आता वेलावरच वाळू द्या. सर्वांत भरलेल्या शेंगा निवडून बी काढा, चार उन्हे द्या आणि राख मिसळून डब्यात ठेवा.

राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी गेल्या वर्षीच्या झावळ्यांचा आशीर्वादित तुकडा क्रुसामागून काढून चर्चमध्ये नेऊन द्या. त्यांचीच राख करून कपाळाला लावतात. तुम्ही नवीन असाल आणि तुमच्या घरी तो नसेल, तर हरकत नाही, पुढच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वाडीतलीच झावळी न्या.

याच सुमाराला मोगऱ्यावर पहिल्या कळ्या दिसतील. उपवासकाळात वेदीवर फुले ठेवत नाहीत, म्हणून पहिला तोडा बिनदिक्कत बाजारात जाऊ द्या. फक्त १९ मार्चची, संत जोसेफच्या सणाची सकाळ लक्षात ठेवा. त्या दिवशी वेदीवर फुले चालतात. आजी गेल्यापासून त्या पहाटेचा मोगरा मी खुडते, ओल्या फडक्यात बांधते आणि सहाच्या मिस्सेच्या आधी चर्चमध्ये नेऊन देते.